पाठीकडून चिरलेला मासा

नवरा ओसरीच्या कडेला कुशीवर पडला होता आणि त्याच्या तोंडातून आता नुसतं पिवळं पाणी येत होतं. सासू परसात भिंतीला धरून बसली होती. तिला आडोशाला जायचंही त्राण उरलं नव्हतं. तीन वर्षांची माझी मुलगी गोधडीवर निपचित होती आणि तिचे डोळे आत गेले होते. घरात धडधाकट अशी मी एकटी. अंगणात आळीतल्या सात-आठ बाया जमल्या होत्या आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

शेजारच्या म्हातारीचा शब्द आमच्या आळीत चाले. ती पुढे झाली.

"समदी पडली. तू कशी उभी?"

"मी जेवले न्हाई."

"का गं न्हाई जेवलीस?"

"उरलं न्हवतं."

खरं तेच मी सांगितलं. आधी पुरुष आणि पोरं, मग सासू, मग जे काय तळाला राहील ते सुनेचं, असंच आमच्यात जेवतात. तिथं उभी असलेली एकूण एक बाई तशीच जेवत आली होती. रिकाम्या भांड्यात भाकरी फिरवून प्रत्येकीनं कधी ना कधी पोट भरलं होतं. त्या दुपारी मात्र ते एकीलाही आठवलं नाही.

सकाळी तिघांनी मासा खाल्ला होता. तो मासा आमच्या तऱ्हेचा नव्हता. मी बाहेरून शिकून आलेली तऱ्हा होती ती, आळीत दुसऱ्या कुणाच्या घरी होत नव्हती. एक बाई दुसरीला म्हणाली की छावणीतल्या टोपीवाल्याच्या हातची विद्या घरात घेतली की असंच व्हायचं. दुसरी म्हणाली, नवरा बारा दिवसांनी घरी येतो काय आणि त्याच दिवशी. एवढं बोलून ती थांबली. पुढचं सगळ्यांना कळलं, मलाही कळलं. तिघांपैकी कुणी गेलं तर मला विष घालणारी म्हणणार, आणि मुलगी वाचली तरी माझ्याकडे राहू देणार नाहीत.

तो मासा घरात कसा आला ते आता सांगते.

आमची जात भोयांची. पुरुषांनी पालखी वाहायची, पालखी नसेल तेव्हा नदीत जाळं टाकायचं. बायांनी मासे विकायचे. माझ्या बापाच्या खांद्यावर सदाशिव पेठेतल्या एका घरची पालखी होती. त्या घरात एक विधवा बाई होत्या. त्यांच्या भाचीला एकटीला अभ्यासाला बसवत नाही म्हणून त्यांनी मला समोर बसवलं, हातभर अंतरावर. धूळपाटीवर बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली, वीसपर्यंत पाढे झाले. मग भाचीचं लग्न झालं आणि माझी शाळा संपली. तेवढ्यावर हे लिहिते आहे.

लग्न होऊन कसब्याखालच्या आळीत आले. तिथून नदी शंभर पावलांवर. नवरा आणि त्याच्या जोडीचे लोक येरवड्याच्या बाजूला डोहात जाळं टाकायचे आणि सूर्य वर यायच्या आत मासे घरी यायचे. मरळ, वाम आणि खवल्यांचे वीतभर चांदीसारखे मासे. पेठांतून मासा उघडा नेणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, म्हणून पाटीवर ओलं फडकं टाकून मी बाहेरच्या वाटेनं नागझरीच्या ओढ्यापलीकडे जायची. तिकडं सरकारच्या तोफखान्यावरच्या परमुलखातल्या गोलंदाजांची छावणी होती. ते लोक सगळं खायचे आणि घासाघीस करत नसत. त्यांना आमची भाषा येत नव्हती, हे त्याचं एक कारण असेल.

त्यातला एक गोलंदाज बुटका होता, नाक बसकं, केस सरळ आणि पन्नाशीतही काळेभोर. तोफेच्या आवाजानं त्याचा एक कान गेला होता, म्हणून तो ओरडून बोलायचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं माझ्याशी भांडतोय. त्याचं गाव मनिला. गोव्याहून जहाजानं निघालं तर कित्येक महिने लागतात म्हणे. तिथं जमीन थोडी आणि समुद्र फार. लहानपणी जहाजावर चढला तो परत गेला नाही.

पहिल्या दिवशी त्यानं पाटीतला मासा उचलला, उलटा केला, पोटावरची चीर बघितली आणि खाली ठेवला.

"पेट क्यूँ फाडा?"

मी म्हटलं, पोट फाडल्याशिवाय घाण कशी निघणार. तो हसला आणि न चिरलेले मासे घेऊन ये म्हणाला. दुसऱ्या दिवशी नेले. तो जमिनीवर बसला, मासा आडवा धरला आणि बारीक सुरीनं शेपटीपासून डोक्यापर्यंत काट्याच्या कडेनं पाठ चिरली. डोकंही मधोमध फोडलं. मग दोन्ही अंगठ्यांनी मासा उघडला तो पोथीसारखा सपाट झाला, पोटाची कातडी मधे शाबूत. आतली घाण बोटानं काढून फेकली. पोटाला चरबी असते, पोट फाडलं की चव पाण्यात जाते, असं तो हातवारे करून सांगत होता. त्याला हे त्याच्या आईनं शिकवलं होतं. तो 'आई' हा शब्द आमच्यासारखाच म्हणायचा, बाकी सगळं मोडकंतोडकं.

पुढची कृती अशी. मासा दोन-तीन पाण्यांनी धुवायचा. खडे मीठ जाडसर भरडून दोन्ही अंगांना चोळायचं. लसूण ठेचून, चार मिरी भरडून लावायची. वरून शिरका ओतायचा. शिरका म्हणजे शिंदीच्या झाडाचा रस मडक्यात आंबवून आंबट होऊ दिलेला. तो त्यानंच मला पहिल्यांदा दिला, मग मी घरी करायला लागले. सूर्य चार हात वर येईतो मासा त्यात मुरायचा. मग निथळून कामट्यांच्या ताटीवर कातडी खाली करून उन्हात टाकायचा. चांगलं ऊन असेल तर एका दिवसात होतं. बोट लावलं की चिकटलं पाहिजे पण ओलं होता कामा नये.

"आधा सूखा, आधा गीला," तो म्हणायचा.

आणि दोन गोष्टी त्यानं मला दहा वेळा सांगितल्या. एक, हा मासा टिकवायचा नाही, आजचा फार तर उद्या. दुसरी, ज्या खारात मासा मुरला ते पाणी त्याच दिवशी फेकायचं. घरात ठेवायचं नाही. दर खेपेला मीठ नवं.

घरी पहिल्यांदा केला तेव्हा सासूनं ताटीभोवती एक फेरी मारली. आम्हाला सुका मासा माहीत होता तो लाकडासारखा, दगडावर आपटला तर वाजेल असा. हा बोटानं दाबला की दबत होता. सासू म्हणाली, "धड वला न्हाई, धड सुका न्हाई. हडपसरच्या जावयावानी." तिची लेक हडपसरला दिलेली होती आणि जावई शेतात कामाला आहे की पारावर बसून आहे, हे कधीच ठरवता यायचं नाही. पण त्याच जावयाच्या वावरातला लसूण आमच्याकडे यायचा, म्हणून तिला फार बोलता येत नसे.

मग तो तळला. तेल जेमतेम, तवा तापलेला, मासा कातडीवर टाकला की चर्र आवाज व्हायचा आणि कडा वळायला लागायच्या. लसणाचा, शिरक्याचा आणि करपलेल्या कातडीचा मिळून जो वास सुटायचा त्याला मी नाव देऊ शकत नाही. आज सत्तरीच्या पुढे गेले, नाक अधू झालं, तरी तो वास मला येतो. नवऱ्यानं पहिला मासा भाकरीवर घेतला, खाल्ला. मग म्हणाला, "अजून एक." तो मुळात कमी बोलायचा. पालखीच्या दांड्यानं त्याच्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली होती आणि तो बोलण्यापेक्षा ती गाठ चोळत बसायचा. एवढ्या मोठ्या हातांनी तो मुलीसाठी काटा काढायचा तेव्हा मी चुलीपुढून बघायची. मुलगी मधलं मांस खायचीच नाही. तिला फक्त शेपटी पाहिजे, कुरकुरीत झालेली. सासूनं चार-पाच दिवस नाक मुरडलं आणि मग मुकाट्यानं डोकी आपल्याकडे घ्यायला सुरुवात केली. फोडलेलं डोकं चोखत ती तासभर बसायची.

ते दीड वर्ष मला सगळ्यात जास्त आठवतं. ताटीवर जुनं फाटकं जाळं पसरलेलं असायचं, माश्या आणि कावळ्यांसाठी. ताटीखाली सावलीत मुलगी काठी घेऊन राखण करायची आणि राखण करता करता झोपून जायची. मांजर तिच्याच पोटावर बसून वर बघायचं. एकदा घारीनं जाळ्याच्या भोकातून मासा उचलला आणि वरच्या अंगाला एका भटजींच्या अंगणात टाकला. थोड्या वेळानं भटजी स्वतः आळीच्या तोंडाशी आले, आत पाऊल न टाकता. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आपल्या माशानं आमच्याकडे येण्याची तसदी घेतली. त्याला परत न्यावं. आणि पुढच्या वेळी आधी निरोप पाठवावा, म्हणजे आम्ही घरी नसू." नवरा वर गेला आणि मासा फडक्यात घालून घेऊन आला. त्याला हसू आवरेना. बारा कोस पालखी वाहून आलेला माणूस ओसरीवर आडवा पडून हसत होता. मी त्याला तसं हसताना तेवढं एकदाच पाहिलं.

आता मिठाचं.

आमच्या घरात मिठाचं मडकं सासूच्या ताब्यात असे. चुलीमागच्या कोनाड्यात, वर दगडी झाकण. पाहिजे तेव्हा तिच्याकडे मागायचं, ती मुठीनं द्यायची. मीठ कोकणातून बैलांच्या पाठीवर घाट चढून येतं. पावसाळ्यात घाट बंद, मग मीठ महाग आणि मूठ लहान. मी माशाला मीठ मागितलं की सासू आधी माझ्याकडे बघायची, मग मडक्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. दिलं तरी मी खार फेकायला निघाले की ती कळवळायची. मीठ फेकणं तिला बघवत नसे.

आणि तिच्याकडे त्यासाठी दाखला होता. तीही तरुणपणी एका वाड्यावर वरकाम करायची. तिथं लोणच्याचा जुना खार जपून ठेवत. आंबे संपले तरी खार संपवायचा नाही, त्यात पुढच्या वर्षीच्या फोडी घालायच्या. दोन-दोन वर्षांचा खार, काळा झालेला, सणाला चमचाभर वाढायचा. सासूच्या मनात ते पक्कं बसलं होतं की खार जितका जुना तितका चांगला, आणि जे मोठ्यांच्या घरी चालतं ते आपल्या घरी का चालू नये. मी तिला सांगितलं की कैरी वेगळी आणि मासा वेगळा. ती म्हणाली, मीठ तर तेच ना.

भाद्रपद लागला होता, गौरी-गणपती नुकते झाले होते. नवरा मालकांना घेऊन नाशकाकडे गेलेला. मडक्यात मीठ तळाला. मी दोन मुठी मागितल्या आणि सासूनं एक दिली. मी दुसरीसाठी हात पुढे केला.

"मीठ तुझ्या बापानं घाटातनं आणलंय का?" ती म्हणाली.

बापाचं नाव निघालं आणि मी नको ते बोलले. म्हटलं, आजपासून तुमच्या मडक्याला, तुमच्या मिठाला आणि तुमच्या माशाला माझा हात लागणार नाही. तुम्हीच करा. त्यानंतर चार दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मुलीच्या तोंडून निरोप चालायचे. तीन वर्षांची पोर, तिला वाटायचं हा खेळ आहे.

त्या सकाळच्या खेपेचा खार अजून फेकायचा राहिला होता, आणि हात लावणार नाही असं म्हटलं म्हणून मी तो फेकला नाही. सासूनं तो एका वेगळ्या मडक्यात भरून फडकं बांधून ठेवला. त्याच्या आदल्या खेपेचाही थोडा तिनं मी फेकायच्या आत मला न सांगता काढून ठेवला होता, तो त्यातच ओतला.

नवरा परत यायच्या आदल्या दिवशी मी नदीवर धुणं घेऊन गेले. आले तेव्हा काथवटीत मासे मुरत पडले होते. सासूनं स्वतः पाठीकडून चिरले होते, वेडेवाकडे, पण माझ्याकडे बघून बघून शिकली होती. लेक येणार, त्याला आवडतो तो मासा सुनेच्या हातचा नाही, आपल्या हातचा मिळावा, एवढंच तिला पाहिजे होतं. मीठ पुरेसं नव्हतं म्हणून वरून जुना खार ओतलेला. मी काथवटीवर वाकले. आंबटाच्या खालून दुसरा वास येत होता, गोडसर, नासल्यासारखा. मला कळलं. मी मासळीतच जन्मले, मला तो वास कळणार नाही असं होणं शक्य नव्हतं.

मी काही बोलले नाही. म्हटलं, बघू दे तिलाच. फार तर तोंडात घालून थुंकतील आणि मग तिला समजेल. एवढाच विचार केला. माणसं मरतील असं मनात आलं नव्हतं, पण वाईट आहे हे माहीत होतं आणि मी धुणं वाळत घालायला गेले.

त्या दिवशी ऊन धड पडलंच नाही. ताटीवर मासा दिवसभर नुसता घामेजून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आला, पाय धुतले आणि जेवायला बसला. सासूनं स्वतः वाढलं. लसूण बचकभर घातला होता आणि तळून काळा केला होता, म्हणून वास लागला नसेल. किंवा आईनं वाढलं म्हणून तो बोलला नसेल. त्यानं तीन खाल्ले. मुलीनं शेपटी खाल्ली. सासूनं डोकी घेतली. माझ्यासाठी काही उरलं नाही, मी नुसतं पाणी प्याले. दुपारच्या आत तिघं पडले.

तर बाया अंगणात उभ्या होत्या. म्हातारीनं सांगितलं, ढाळ लागलेल्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, दिला की आणखी जातं. सगळ्या माना हलवत होत्या. मुलगी पाणी मागत होती. मला सुचेना, आणि मग एकच माणूस आठवला ज्याला हा मासा माहीत होता. मी फाटकाकडे निघाले तशी कुणीतरी म्हणालं, "बघा, पळाली." मी पळतच होते. नागझरी ओलांडून छावणीपर्यंत कधी पळाले नव्हते इतकी.

गोलंदाज आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. परका माणूस आळीत आला म्हणून आणखी गर्दी झाली. त्यानं आधी खाराचं मडकं मागितलं, फडकं सोडलं, नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं. मग माझ्याकडे बघून ओरडून विचारलं, हे कधीचं? सगळी आळी ऐकत होती. सासू भिंतीला टेकून होती, तिचे डोळे उघडे होते. मी उत्तर दिलं नाही. तिला वाचवायला गप्प राहिले असं कुणी समजू नये. मला बोलायचं तर आपण वास घेतला होता हेही बोलावं लागलं असतं.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. तांदळाची पातळ पेज करायला सांगितली, त्यात मीठ घालायला सांगितलं आणि चमच्या-चमच्यानं पाजायला. जहाजावर असंच करतात म्हणाला. म्हातारी म्हणाली, "पाणी देऊ नगंस, मरतील." मी कोनाड्यातलं मडकं काढलं. सासू बोलायच्या अवस्थेत नव्हती, मी विचारायला थांबले नाही. तळाला जे मीठ होतं ते खरवडून सगळं पेजेत घातलं. मुलीला पाजलं. तिनं दोनदा ओकलं, तिसऱ्यांदा आत राहिलं. सासूच्या पोटात पहिल्याच वेळी राहिलं. नवऱ्याच्या पोटात काही राहिलं नाही. बारा दिवस पालखी वाहून तो आधीच रिकामा झाला होता आणि तीन मासे त्याच्या एकट्याच्या पोटात होते. त्यानं माझा हात ढकलला आणि मुलीकडे बोट केलं, तिला दे म्हणून. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं तेव्हा तो गेलेला होता.

दहावं झाल्यावर जातीचे पंच नदीकाठी पिंपळाखाली बसले. हडपसरची नणंद मुलीला न्यायला आली होती, तिच्या हातात मुलीचं गाठोडं बांधून तयार होतं. मुलगी मला चिकटून बसली होती आणि नणंद तिच्याकडे बघत नव्हती. पंचांनी मला विचारलं, मासा कुणाच्या तऱ्हेचा. मी म्हटलं, माझ्या. विचारलं, परक्या माणसाकडून शिकलीस का. म्हटलं, हो. विचारलं, मग तू का खाल्ला नाहीस. मी मुलीच्या पाठीवर हात ठेवला. एकदा उत्तर दिलं होतं, ते कुणाला पटलं नव्हतं.

तेवढ्यात सासूची बाज आली. तिला चालता येत नव्हतं. आळीतल्या चौघांना तिनं उचलायला लावलं होतं. बाज खाली टेकली, तिनं पदर सारखा केला आणि बोलली.

"मासं म्या चिरलं. खार माझा हुता, शिळा. ही नदीवर हुती."

 शेजारची म्हातारी म्हणाली, "मग हिनं का न्हाई खाल्लं?"

"म्या ठिवलं न्हाई तिला," सासू म्हणाली. "तू ठिवतीस का तुझ्या सुनंला?"

म्हातारी खाली बघायला लागली. पंचांना आणखी बोलण्यासारखं काही उरलं नाही. नणंदेनं गाठोडं सोडलं.

घरी आल्यावर सासू ओसरीवर पडली. मी पाणी दिलं. तिनं ते प्यायलं आणि मला बस म्हणाली.

"तू वास घेतला हुतास. म्या बघितलं."

"घेतला होता."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला तुमचा राग आला होता."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ओरडेल असं वाटलं, हाकलून देईल असंही वाटलं. मग म्हणाली, "कोनाड्यातलं मडकं तुझ्याकडं ठिव." तेवढंच. पुढे हा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

आमच्या जातीत विधवेला दुसऱ्यांदा पाट लावता येतो. दोन ठिकाणांहून विचारणं आलं, मी नाही म्हटलं. का, ते माझं मलाही नीट सांगता येणार नाही. आम्ही दोघी मासे विकून राहिलो. मी तोच मासा करत राहिले, कारण मला तोच चांगला येत होता आणि छावणीत तो चांगला खपायचा. आळीत आधी कुणी खाईना. दोन वर्षांनी म्हातारीच्या घरून एक वाटी आली, रिकामी, झाकलेली. म्हणजे मागणी होती. मी दोन मासे घातले.

गोलंदाज पुढे बरीच वर्षं मासा घ्यायचा आणि चूक काढायचा. लसूण कमी, ऊन जास्त. एकदा मात्र पहिला घास खाऊन तो ओढ्याकडे बघत चावत राहिला. मी विचारलं, बिघडलाय का. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "आई." मग एका वर्षी त्यांची पलटण हलली आणि छावणीत दुसरेच लोक आले. तो कुठं गेला मला माहीत नाही. मनिलाला पोचला नसेल. फार लांब आहे.

सासू ताटीखाली, जिथं मुलगी राखण करायची तिथं, काठी घेऊन बसायला लागली. मुलीसारखीच तीही झोपायची. पण मी काथवट घेऊन परसात गेले की तिला हमखास जाग यायची.

"टाकलंस का पाणी?"

"टाकलं, आत्याबाई."

ती जाईपर्यंत नऊ वर्षं, प्रत्येक खेपेला. आणि तळायला घेतलं की पहिला मासा ती माझ्या ताटलीत टाकायची. मी म्हणायची, तुम्ही घ्या, पोरीला द्या. ती म्हणायची, आधी तू. मी खाऊन संपवेपर्यंत ती भाकरीला हात लावत नसे.

राज्य गेलं, छावणी गेली, नागझरीवर आता वस्ती झाली. मुलीची मुलं मोठी झाली. तिच्या घरात मिठाचं मडकं उघडं असतं, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. मासा ती अजून पाठीकडूनच चिरते आणि शेपटी स्वतः घेते.

त्या सकाळी तिघं जेवले होते. त्यातली सासू जगली आणि मुलगी जगली. मी जेवले नव्हते.